रिकामा खिळा

"कार्ड कुठं असतं तुमचं?"

"आमच्याजवळ," सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, आणि तो सूर ऐकूनच टाचणीचं डोकं उठलं.

"शाळेत पाढे म्हटल्यासारखं नाही म्हणायचं. जिला विचारेल तिनंच बोलायचं. आणि जरा आठवल्यासारखं करून."

"आठवल्यासारखं कसं करतात गं?" शेवटच्या मशीनवरून काजवाली म्हणाली. "डोळे वर लावून की खाली पाडून? एकदा करून दाखव. खोटं बोलताना तुझा चेहरा फार छान होतो."

लाइनभर हसू पसरलं. टाचणीनं ते पसरू दिलं, कारण अडवायला गेलं तर आणखी वाढतं, हे तिला एव्हाना कळलं होतं. ती लाइनची मुकादम. पूर्वी कॉलर बसवायची तेव्हा ओठांत टाचण्या धरून काम करायची, म्हणून बायकांनी तिचं नाव टाचणी ठेवलं. मग मॅनेजर साहेबांनी तिला मशीनवरून उठवून लाइनीवर लक्ष ठेवायला उभं केलं. ओठांतल्या टाचण्या गेल्या, नाव राहिलं, आणि आता ते वेगळ्याच चवीनं घेतलं जायचं.

कारखाना शर्टांचा. इथले शर्ट लांबच्या शहरांतल्या कपड्यांच्या दुकानांत जात. एकाच मालकाची खूप दुकानं, सगळीकडे तीच पाटी. या दुकानवाल्यांना आताशा धास्ती बसली होती. कोंडून ठेवलेल्या, ओळखपत्र काढून घेतलेल्या बायकांकडून आपला माल शिवून घेतला जातो असं कुठं बाहेर फुटलं, तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. म्हणून ते आपलं माणूस पाठवून कारखाने आतून बघायला लागले होते. उद्या त्यांची बाई यायची होती.

आणि बघण्यासारखं इथं बरंच होतं. लाइनीवरच्या बहुतेक बायका बाहेरून आणलेल्या. आल्या त्या दिवशी साहेबांनी हसतमुखानं प्रत्येकीचं कार्ड मागून घेतलं होतं: "जपून ठेवतो, इथं चोऱ्या फार होतात." केबिनमधल्या राखाडी लोखंडी कपाटात ती कार्डं जी गेली ती गेली. कार्डाशिवाय बसचं तिकीट मिळत नाही, दुसरीकडे काम मिळत नाही, कुणी खोली देत नाही. कारखान्यामागच्या हॉस्टेलला फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली वॉचमनच्या कमरेला.

"फाटक किती वाजता बंद होतं?" टाचणीनं बाह्या जोडणाऱ्या बाहीवालीला विचारलं.

"बंद होत नाही. आमच्या सोयीनं आम्ही येतो-जातो."

"छान."

"फिरायला जातो," काजवाली पुढं म्हणाली. "बागेत. आइस्क्रीम खातो. हेही सांगू का?"

"तू काही सांगू नकोस. तुला विचारलं तर घसा बसलाय म्हण."

"माझा घसा एकदाच बसला होता, आणि तो का बसला होता ते तुला माहीत आहे."

मशीनं बंद होती, त्यामुळे हे वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. टाचणीनं ऐकलं नसल्यासारखं केलं. आठवल्यासारखं करण्यापेक्षा ते सोपं होतं.

काजवालीचा राग कशाचा, ते कळायला आधी एका रिळाबद्दल सांगायला हवं. खांबाला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला दोरीत ओवलेलं एक लाकडी रीळ टांगलेलं असे. दोरा संपलेलं, जुनं, हाताळून हाताळून काळंभोर झालेलं. जिला शौचालयात जायचं तिनं ते गळ्यात घालायचं. गळ्यात रीळ नसेल तर दारातला वॉचमन परत पाठवी. अख्ख्या लाइनीला ते एकच. एक गेली की बाकीच्यांनी वाट बघायची, आणि माल निघायची घाई असली की साहेब रीळ टाचणीच्या टेबलाच्या खणात ठेवायला लावत. मग ते मागायला तिच्यापाशी यावं लागे, आणि तिनं मान हलवून नाही म्हणायचं असे. तशाच एका घाईच्या दिवशी काजवाली मागायला आली होती, पुन्हा आली होती, आणि तिसऱ्यांदा आलीच नाही. मशीनवर बसल्या जागी जे झालं ते सगळ्यांनी बघितलं. त्या रात्री ती उशीत तोंड घालून इतकी रडली की दुसऱ्या दिवशी आवाज फुटेना. नंतर आवाज आला, पण त्याला कायमची धार लागली.

तेव्हापासून आणखी एक गोष्ट अडून बसली होती. टाचणीनं कापड कापताना वाया गेलेल्या तुकड्यांचा एक फ्रॉक शिवला होता. निळा, पांढरा, पुन्हा निळा असे तुकडे जोडून, गळ्याला बारीक झालर लावून. लेकीसाठी. मागं उघडा, तिथं बटणं यायची होती, आणि बटणांना काज हवे होते. हातानं घातलेले काज उसवतात, पोरीच्या ओढाताणीत टिकायचे नाहीत. काजाचं मशीन काजवालीचं, त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"टाचणीच्या पोरीला टाचण्या लाव," ती एकदाच म्हणाली होती, आणि विषय संपला होता.

लेक गावी टाचणीच्या आईकडे होती. टाचणी निघाली तेव्हा रांगत होती, आता पळते म्हणे. रविवारी हॉस्टेलच्या ऑफिसातून फोन करायला मिळे. सुरुवातीला आई पोरीच्या कानाला फोन लावी नि म्हणे, "बोल, कोण आहे? आई." पण पोरीच्या लेखी आई म्हणजे जी तिला न्हाऊ-माखू घालते ती, आजी. हा आवाज जिथून येतो ती वस्तू फोन. तेव्हा ती टाचणीलाच 'फोन' म्हणायला लागली. "फोन, मी पडले." "फोन, जेवली का?" आजीला हसू येई. टाचणीही हसायची, आणि मग परत जाताना जिन्यात थोडी थांबायची.

साहेबांना हे ठाऊक होतं. माणसाला कुठं धरावं, ते त्यांना बरोबर कळे.

"उद्या सगळं नीट पार पाड," त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. "सकाळी सगळ्यांना कार्डं देऊ. संध्याकाळी तू गोळा करून आणून द्यायची. तुझं मात्र तुझ्याकडेच राहू दे. पोरीला भेटून ये. मी काय राक्षस आहे का?"

ते राक्षस नव्हते. राक्षस असते तर तिला इतकी आशा वाटली नसती.

*

सकाळी कार्डं वाटली तेव्हा मात्र टाचणीच्या हातून लाइन निसटलीच. बायका आपापले फोटो बघत बसल्या. 'बघ किती केस होते मला.' 'ही तू? अगं, गाल होते की तुला.' बाहीवालीनं कार्ड कपाळाला लावलं, मग लाज वाटून एप्रनच्या खिशात टाकलं, मग पुन्हा काढून बघितलं. काजवालीनं आपलं कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "ही बाई बरी दिसते. कुठं गेली कोण जाणे."

टाचणीनं आपलं कार्ड बघितलंच नाही. खिशात घातलं आणि वरून हात ठेवला. अंगाला अंग लागावं तसं ते तिथं होतं. मग तिनं खिळ्यावरचं रीळ काढलं, फ्रॉकखाली खणात दडवलं आणि खणाला किल्ली लावली.

तपासणीवाली बाई आली ती चहा नको म्हणतच आली. चपट्या वहाणा, विस्कटलेले केस, खांद्याला साधी कापडी पिशवी. साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली, ती बसली नाही. त्यांनी लाइन दाखवायला हात पुढं केला, तर म्हणाली, "तुम्ही केबिनमध्ये बसा. तुम्ही बरोबर असलात की सगळ्यांचं काम फार चांगलं चालतं."

साहेब हसले, पण केबिनमध्ये न बसता केबिनच्या दारात उभे राहिले.

बाई एकेकीला अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली नेऊन बोलू लागली. कुणाला न्यायचं ते तीच ठरवत होती. टाचणीनं पुढं केलेल्या शहाण्या बायका तिनं बाजूला ठेवल्या आणि मधूनच बोट दाखवून कुणालाही उचललं. तरी टाचणीला भीती नव्हती. पाठांतर पक्कं होतं. जाणारी प्रत्येकजण ताठ जात होती, आणि परत येताना डोळ्यांनी सांगत होती: सांगितलंस तेच बोलले.

बाई आत आली आणि टाचणीजवळून जाताना हळूच म्हणाली, "फार चांगलं शिकवलंय तुम्ही."

टाचणीच्या कानाची पाळी तापली. "कुणी कुणाला काही शिकवलेलं नाही."

"मग एका घरात वाढल्यासारख्या कशा बोलतात सगळ्या?"

बाई उत्तरासाठी थांबली नाही. ती कापडाच्या गठ्ठ्यांपाशी जाऊन नुसती उभी राहिली, हाताची घडी घालून. आता ही कशाची वाट बघतेय, ते टाचणीला कळेना.

तेवढ्यात बाहीवाली उठली. तिला जायचं होतं. आज विचारायचं नाही, सरळ उठून जायचं, हेही घोकून घेतलं होतं. ती सरळ उठली, सरळ निघाली, आणि खांबापाशी आल्यावर तिचा हात वर गेला. खिळ्यावर काही नव्हतं. हात तिथं जरा चाचपडला, मग खाली आला, आणि ती निघून गेली. तिला स्वतःलाही कळलं नसावं.

थोड्या वेळानं कफवाली उठली. तिचाही हात वर गेला.

मग बटणवाली. मग ती नवी पोरगी, जिला येऊन फार दिवसही झाले नव्हते.

टाचणीच्या आत्ता लक्षात आलं. तिनं सगळ्यांची तोंडं घोकून घेतली होती. हात राहूनच गेले होते.

"त्या खिळ्याला काय असतं?" बाईनं दारातल्या साहेबांना विचारलं.

"कुठल्या? हां, तो. कात्री."

"या सगळ्या शौचालयात कात्री घेऊन जातात?"

साहेबांनी टाचणीकडे बघितलं. त्या नजरेत सकाळचा गोडवा अजून होता, पण खाली दात दिसत होते.

"चला," बाई टाचणीला म्हणाली. "आता तुम्ही या."

टाचणी उठली. डोक्यात फक्त वाक्यं होती. कार्ड माझ्याजवळ असतं. फाटक उघडं असतं. खिळ्याचं काय सांगायचं? जुनी सवय. पूर्वी तिथं मोजपट्टी टांगायचो. हां, मोजपट्टी बरी. हे जुळवत ती खांबापाशी आली, आणि पुढचं पाऊल टाकताना तिला दिसलं की खिळ्यापाशी एक हात आहे. बोटं वाकलेली, दोरी धरायला तयार. तो तिचाच होता.

*

शेडखाली बाईनं तिला बस म्हटलं नाही आणि स्वतःही बसली नाही.

"सवय," टाचणी म्हणाली.

"मी अजून काही विचारलेलंच नाही."

"विचारणार होतात."

"कार्ड दाखवा."

टाचणीनं दाखवलं. बाईनं हातात घेतलं नाही, दुरूनच बघितलं. "आज मिळालं?"

"माझं आहे, माझ्याजवळच असतं."

"बरं." बाईनं डोळे चोळले. "हे बघा, मला गोड बोलता येत नाही. तुम्ही घोकलेलं म्हणणार, मी ऐकलेलं लिहिणार आणि जाणार. मग इथं कुणी लवकर फिरकायचं नाही."

"जा ना मग. मागं पण एक आली होती." टाचणीला आपलाच आवाज काजवालीसारखा वाटला. "आमच्याकडून शाळेचे गणवेश शिवून घ्यायचे ना, त्या दुकानाची. बायका तिच्यापाशी खरं बोलल्या. तिनं डोळ्याला रुमाल लावला. मग दुकानानं काम काढून घेतलं, नाव खराब नको म्हणून. मशीनांवर चादरी टाकल्या. आणि फाटकाचं कुलूप होतं तसंच. आत नुसत्या बसून होतो, पगार नाही, कार्ड नाही. खोटं बोललं की कोंडलेल्या आणि खरं बोललं की उपाशी कोंडलेल्या. तुम्ही मात्र गाडीत बसून जाता."

"हो," बाई म्हणाली. "तसंच करत होतो आम्ही. काम काढून घ्यायचं आणि हात झटकायचे. सोपं असतं ते."

"आणि आता?"

"आता काम ठेवायचं आणि कार्डं ज्यात कोंडतात ते कपाट रिकामं करायला लावायचं. आणि ते पुन्हा भरत नाही ना, ते बघायला माणूस इथंच ठेवायचं. निदान मला तसं सांगून पाठवलंय. जमेलच, अशी हमी देत नाही. मालक चिवट असतात, आमचेही आणि तुमचेही."

हे ऐकून टाचणीला उलट रागच आला. हमी दिली असती तर खोटी आहे असं म्हणून सोडून देता आलं असतं.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. ते पाठांतरात नव्हतं. "लेक आहे. मला फोन म्हणते."

बाईनं समजूत घातली असती, डोक्यावरून हात फिरवला असता, तर टाचणी तिथल्या तिथं सावध झाली असती. पण बाई नुसतीच दारातून आतल्या खांबाकडे बघत होती, आणि टाचणीनंही तिकडं बघितलं.

संध्याकाळी सगळं ठरल्यासारखं झालं तर ती निघेल. बसमध्ये बसेल. आईच्या घरी पोचेल. पोर आधी आजीच्या मागं लपेल, मग डोकावेल, मग हळूहळू जवळ येईल. दिवसभर मागं मागं फिरेल, लहान पोरं फिरतात तशी, सगळं बघत. मोठी माणसं जे करतात ते पोरं करतात. पायात पाय अडकत, पण अगदी तस्संच करतात. आणि मग टाचणी न्हाणीघराकडे जायला उठेल, दारापाशी तिचा हात आपोआप भिंतीवर वर जाईल, बोटं वाकवून, काहीतरी मागितल्यासारखा. आणि मागून पोरगीही टाचा उंचावून आपला एवढासा हात भिंतीला लावेल. 'असं करायचं असतं ना?' म्हणून वर बघेल.

टाचणीनं कार्ड खिशात ठेवलं.

"तिथं रीळ असतं," ती म्हणाली. "चला, दाखवते. पण जाणार किती वाजता तुम्ही?"

"तुम्ही सगळ्या घरी... हॉस्टेलमध्ये जाईपर्यंत नाही जाणार."

"शब्द सांभाळून दिलात."

"मलाही सवय आहे," बाई म्हणाली.

*

टाचणीनं खणाची किल्ली फिरवली तशी लाइनीवरची मशीनं एकेक करून थांबली. तिनं फ्रॉक बाजूला केला, दोरीला धरून रीळ वर काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते घरंगळत कडेपर्यंत गेलं आणि दोरीनं अडलं.

"हे गळ्यात असल्याशिवाय बाहेर जाता येत नाही. लाइनीला एक. घाई असली की माझ्या खणात."

साहेब तोवर येऊन पोचले होते. त्यांनी रिळाकडे बघितलंही नाही. त्यांनी खणात हात घातला आणि फ्रॉक उचलून वर धरला, मेलेलं काहीतरी धरावं तसा.

"हे बघा. हे कापड कुणाचं? कारखान्याचं. म्हणजे चोरी. मॅडम, हिचं तुम्ही खरं मानणार? ही आमच्याच खणात चोरीचा माल ठेवते. उद्या हिला काढायचीच होती, म्हणून आज हे नाटक."

दोन रंगांचा तो फ्रॉक त्यांच्या चिमटीत लोंबत होता, मागं उघडा. टाचणीला वाटलं, आता कुणी काही बोलणार नाही. आणि का बोलावं? तिनं आजवर यांना किती वेळा मान हलवून नाही म्हटलं होतं.

"मॅडम, मी बोलू?" शेवटच्या मशीनवरून आवाज आला.

साहेबांचा चेहरा उजळला. काजवाली टाचणीला किती मानते, ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. "बोल, बोल. ही कशी आहे ते सांग त्यांना."

"सांगते की. ही बाई वाईट आहे," काजवाली उठून उभी राहत म्हणाली. "मी हिच्याकडे हे रीळ मागायला गेले, हिनं दिलं नाही. परत गेले, तरी दिलं नाही. मग मी या स्टुलावर बसून कपडे खराब केले, एवढ्या सगळ्यांदेखत. मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि हिलाही विसरू देणार नाही."

"ऐकलंत?" साहेब म्हणाले.

"माझं झालेलं नाही." काजवालीनं त्यांच्याकडे मान वळवली. "हिनं दिलं नाही तेव्हा तुम्ही त्या केबिनच्या काचेतून बघत होतात. हिनं तुमच्याकडे बघितलं, तुम्ही असं बोट हलवलंत. मग हिनं मान हलवली. त्या दिवशी ही स्वतः पण गेली नाही दिवसभर. मी बघत होते, म्हटलं, हिचीही तीच गत होऊ दे. झाली नाही, माझं नशीब. आणि त्या चिंध्यांचं म्हणाल, तर त्या आम्ही मशीन पुसायला वापरतो. पोर निजवण्यापुरतंही कापड नाही त्यात. चोर कोण आहे ते त्या कार्डांच्या कपाटाला विचारा."

मग ती खाली बसली. दोन्ही हात तिनं मशीनच्या पाट्यावर दाबून धरले.

बाहीवालीनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे मला आज सकाळी मिळालं." मग कफवाली म्हणाली, "मलापण." मग कुणी कुणाची वाट बघितली नाही, आणि या वेळी कुठल्याच दोघींचा सूर जुळला नाही.

बाईनं पिशवीतून फोन काढला आणि साहेबांच्या देखत, दार उघडं ठेवून, कारखान्याच्या मालकाशी बोलली. आवाज चढवला नाही. शर्टांचं काम चालू राहील. कार्डं पुन्हा कपाटात जायची नाहीत, फाटकाची किल्ली आमच्याकडे, उद्यापासून आमची एक बाई हॉस्टेलमध्ये राहायला. एकाही बाईला काढलं तर पुढचं कापड येणार नाही. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. तिनं तो सगळा ऐकून घेतला आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग वॉचमनला घेऊन ती हॉस्टेल बघायला मागं गेली.

तिची पाठ वळली तसे साहेब टाचणीपाशी आले. हातात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता. त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता, जुन्या रिळासारखा गुळगुळीत.

"झालं ते झालं. ती बाई आहे चार दिवसांची, आपल्याला इथं कायम राहायचंय. ती मागं आहे तोवर कार्डं घे सगळ्यांची. म्हणू, पोरींनीच सांभाळायला दिली. तुझं तुझ्याकडे ठेव, आत्ता नीघ. मी गाडी देतो स्टँडपर्यंत."

टाचणीनं डबा हातात घेतला.

"आली बघा वसुलीला," काजवाली म्हणाली. बाकीच्या सगळ्या टाचणीकडे बघत होत्या, आणि प्रत्येकीचा हात आपापल्या खिशावर होता.

टाचणीनं टेबलावरचं रीळ उचललं, दोरी त्याच्याभोवती गुंडाळली, डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि डबा साहेबांना परत दिला.

"एवढंच जमा करायचं होतं माझ्याकडे."

"उद्या तू इथं दिसता कामा नयेस," साहेब म्हणाले. आवाजातला मऊपणा साफ गळून पडला.

"उद्या मी बसमध्ये असेन. परत आले की दिसेनच. त्या बाईंनी सांगितलंय ना, कुणाला काढायचं नाही. लिहून घेऊ का?"

साहेब केबिनमध्ये गेले आणि काचेमागं उभे राहिले. कुणी तिकडं बघितलं नाही. निदान न बघायचा प्रयत्न सगळ्यांनी केला.

टाचणीनं साहेबांनी जमिनीवर टाकलेला फ्रॉक उचलला, झटकला. झालरीला काळा डाग लागला होता. तो ती नखानं खरवडत असताना समोर एक हात आला, तळवा वर करून.

"आण इकडं," काजवाली म्हणाली.

टाचणी नुसतीच बघत राहिली.

"बघतेस काय? तुला माफ केलं असं समजू नकोस. पोरीनं माझं काय बिघडवलंय." तिनं फ्रॉक ओढून घेतला, उलटा केला, शिवण तपासली आणि नाक मुरडलं. "किती मोठी आहे ती?"

टाचणीनं हात जमिनीपासून वर नेला. थांबवला. थोडा खाली आणला. पुन्हा वर नेला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

काजवालीनं तिच्या हवेत अडकलेल्या हाताकडे बघितलं आणि काहीतरी झोंबणारं बोलायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं. फ्रॉक मशीनच्या पायाखाली सरकवला.

"काज दोन ओळींत घालते," ती मान वर न करता म्हणाली. "आत्ता आतल्या ओळीत बटण लाव. वाढली की बाहेरच्या. आणि हे बघ, रडायचं असेल तर तिकडं जाऊन रड, कापडावर डाग पडतात."

मशीन सुरू झालं. टाचणी शौचालयाकडे निघाली. खांबापाशी हात उचलू लागला, ते तिला या वेळी कळलं. तिनं तो खिशात घालून कार्डावर घट्ट धरून ठेवला, रस्ता ओलांडताना पोराचा हात धरावा तसा, आणि दारातून बाहेर गेली.